'येते' म्हणावे

आमच्या घरी एक पेन ड्राइव्ह आहे. निळा, अंगठ्याएवढा, टोपण केव्हाच हरवलेला. त्यात माझी कॉलेजची टिपणे आहेत आणि आजीच्या आवाजातल्या दहा ओव्या आहेत. मी दहावीत असताना मोबाइलवर त्या उतरवून घेतल्या होत्या. पुढे मोबाइल बिघडला आणि त्यानंतर आजीही गेली. राहिला तो हा निळा तुकडा.

आजी जन्मभर केलगेरीत राहिली. तिच्या ओवीत पहिली ओळ मराठी, तर दुसरीत कन्नड कधी शिरे हे तिचे तिलाच कळत नसे. मराठी घरात जन्मून कन्नड कवितेसाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या बेंद्र्यांच्या धारवाडात यात नवल ते काय!

तर या पेन ड्राइव्हला गेल्या पावसाळ्यात एक खोड जडली. संगणकाला लावला की पडद्यावर पाटी यायची : 'या ड्राइव्हमध्ये काही बिघाड आहे. तपासून दुरुस्त करा.' मी ती पाटी मुकाट्याने बंद करी. ओव्या वाजत होत्या, टिपणे उघडत होती. मग नसत्या चौकशा कशाला? पण रोज रोज तीच पाटी पाहून मनात पाल चुकचुकू लागली. उद्या हा उघडलाच नाही तर?

शेवटी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतल्या सरांकडे गेले. सर कन्नड बोलणारे, पण मराठी उत्तम समजणारे. त्यांनी पहिला प्रश्न केला, "याची दुसरी प्रत आहे का?" मी मान खाली घातली. "मग आधी प्रत, मागाहून दुरुस्ती," ते म्हणाले, "दुरुस्ती करताना कधीकधी आहे तेही हातचे जाते." दहाही ओव्या त्यांनी आधी संगणकावर उतरवून घेतल्या.

मग त्यांनी कारण समजावून दिले. ग्रंथपाल पुस्तक देताना वहीत नोंद करतात आणि परत आले की ती खोडतात. पेन ड्राइव्हमध्येही अशी एक वही असते. कोणत्या फाइलचे तुकडे कुठे ठेवले आहेत हे तीत लिहिलेले असते, आणि तिथेच एक छोटी खूण असते. लिहिण्याचे काम सुरू झाले की संगणक ती खूण करतो आणि काम नीट आटोपले की पुसतो. मधेच कोणी पेन ड्राइव्ह उपटला, तर खूण तशीच राहते. पुढच्या वेळी संगणकाला ती दिसते आणि तो विचारतो, 'तपासू का?' म्हणजे पाटी आली की बिघाड असेलच असे नाही; निरोप नीट घेतला गेला नाही, एवढाच तिचा अर्थ.

सरांनी 'चेकडिस्क' चालवली. तपासणी संपली आणि 'फाउंड' नावाचा एक नवा फोल्डर दिसू लागला. ज्या तुकड्यांचा कोणी नावगाववाला सापडत नाही, ते तिथे जमा होतात. आत एकच फाइल होती. सरांनी तिच्या नावाचे शेपूट बदलून एमपी३ केले आणि ती लावली.

आजी गाऊ लागली.

ही अकरावी ओवी. ती आपण उतरवूनच घेतली नाही, असे मी इतकी वर्षे समजत होते. आता आठवले : त्या दिवशी बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या म्हणून मी घाईने पेन ड्राइव्ह उपटला होता. ओवी अर्ध्यावरच तुटते. पुढचे शब्द आता कोणालाच ठाऊक नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी 'काढून घ्या'ची सूचना देऊनच पेन ड्राइव्ह काढू लागले. तरी आठ दिवसांत पाटी पुन्हा हजर! मी सरांना म्हटले, "हा म्हाताराच झाला असेल." फ्लॅश स्मृतीच्या पेशींवर पुन:पुन्हा लिहून लिहून त्या झिजतात हे मी वाचले होते. "तसेही असू शकेल," सर म्हणाले, "मग तो फेकलाच पाहिजे. पण आधी हे पाहा." त्यांनी 'लॉस्ट.डीआयआर' नावाच्या एका फोल्डरवर बोट ठेवले. तो मी केला नव्हता. "अँड्रॉइडची उपकरणे असा फोल्डर करतात. एनम्मा, घरी टीव्हीला कोण लावतो?"

त्या रात्री पाणी प्यायला उठले. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा निळसर उजेड होता आणि आवाज अगदी बारीक. बाबा पुढे वाकून बसले होते. आजी गात होती. माझी चाहूल लागताच त्यांनी घाईने पेन ड्राइव्ह उपटून खिशात टाकला आणि म्हणाले, "झोपली नाहीस अजून?"

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पेन ड्राइव्ह आणला, साडेदहा ओव्या त्यात घातल्या आणि टीव्हीशेजारी ठेवला. काढण्यापूर्वी कोणते बटण दाबायचे, तेही बाबांना दाखवले.

घरातून निघताना आजी मला कधी 'जाते' म्हणू देत नसे. "'येते' म्हणावे," असे ती सांगे. आमच्या इथले कन्नड शेजारीही 'होगि बरतेनि', म्हणजे 'जाऊन येतो', असेच म्हणतात. उंबऱ्याशी क्षणभर थांबून निरोप घ्यावा, एवढेच दोन्ही भाषांचे सांगणे. यंत्राचेही सांगणे याहून निराळे नाही.

मागल्या आठवड्यात बाबांच्या पेन ड्राइव्हवर ती पाटी पुन्हा आली. मी बाबांना काही विचारले नाही. मुकाट्याने तपासून घेतला आणि जागच्या जागी ठेवून दिला.