डावीकडे तोंड केलेला गृहस्थ

याला आकाश नाही, जमीन नाही, सावलीही नाही. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर हा आडवा असतो, नाक डावीकडे, शेपूट उजवीकडे. चाकं पोटात घेतलेली, म्हणजे उडत असणार. पण पंखा थांबलेला आणि कॉकपिटमध्ये कुणीच नाही. अशा अवस्थेतलं विमान जगात कुणी पाहिलेलं नाही. तरी मॉडेलच्या खोक्यावर किंवा पुस्तकाच्या पानावर तो दिसला की माणूस पहिल्याच फटक्यात म्हणून जातो, ‘हुबेहूब!’

विमानांचं वेड असलेल्या लोकांत हा ‘प्रोफाइल’ म्हणून ओळखला जातो. जुन्या लढाऊ विमानाचं एका बाजूने काढलेलं, हल्ली बहुतेक संगणकावरच रंगवलेलं चित्र. याची बिरादरी मोठी आहे, पण मला सांगायचंय ते त्यातल्या एकाबद्दल. स्पिटफायर, मार्क आठ. पहिलं स्पिटफायर 5 मार्च 1936 रोजी उडालं. हा त्या घराण्यातला बराच नंतरचा आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. टोकदार रडर, चार पात्यांचा पंखा, उडताना आत ओढून घेता येणारं शेपटीचं चाक. 1944 मध्ये भारतीय हवाई दलाच्या 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, तो हाच.

स्वभावाने हा कमालीचा ठाम. फोटोला लपवाछपवी जमते: अर्धा पंख धुक्यात, शेपटीवर उन्हाची तिरीप, पुढ्यात उभा राहिलेला एखादा मेकॅनिक. याला ती सोय नाही. प्रत्येक रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे त्याने सांगितलंच पाहिजे. आणि फोटो गिरवून तो तयार होत नाही, इथेच नवशिक्यांची पंचाईत होते. कॅमेऱ्याला जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. याच्याकडे पाहणारा मात्र एकाच वेळी नाकासमोरही उभा असतो आणि शेपटीसमोरही. म्हणून आधी मोजमापांवरून रेखाटन बांधायचं, मग त्यावर रंगाचे, खुणांचे, मळाचे लेअर एकावर एक चढवायचे. साडेनऊ मीटरच्या आसपास लांबी. एकास बहात्तर या प्रमाणात, म्हणजे इंचात सहा फूट बसवले, की जेमतेम तेरा सेंटिमीटर.

या तेरा सेंटिमीटरमध्ये रिव्हेट दाखवायचे की नाही, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. खरं पाहता त्या प्रमाणात रिव्हेट डोळ्याला दिसायलाच नको. पण स्पिटफायर आणि रिव्हेट यांचं नातं जुनं आहे. सपाट डोक्याचे रिव्हेट बसवणं वेळखाऊ आणि खर्चिक; गोल डोक्याचे चालतील का, हे कारखान्याला बघायचं होतं. तेव्हा त्यांनी सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवली आणि विमान उडवलं. वेगात ताशी बावीस मैलांपर्यंत घट झाली! मग थोडी थोडी डाळ खरवडत पुन्हा उड्डाणं झाली आणि कुठे गोल डोकी चालतील, कुठे नाहीत, ते ठरलं. एवढा खटाटोप करून गुळगुळीत केलेल्या पंखाच्या मुळाशी कुणी ठसठशीत ठिपके मारले, की मला त्या डाळीचीच आठवण होते.

या गृहस्थाला दुसरी बाजू नसते. स्थळाला पाठवायच्या फोटोसारखा तो आपली एकच बाजू पुढे करतो. ‘उजवी बाजूही द्या’ अशी मागणी आली की काहीजण चित्र सरळ आरशात फिरवतात. अशी चोरी पकडायला फार विद्वत्ता लागत नाही. स्पिटफायरला वैमानिकाने चढायचं छोटं दार फक्त डाव्या बाजूला. खाली उघडणारी एक झडप. फिरवलेल्या चित्रात ते उजवीकडे येतं आणि सोंग उघडं पडतं. रंगाचे पट्टेही दोन्ही अंगांना सारखे नसतात. एका बाजूचा फोटो हाती असला म्हणून दुसरी बाजू कळली असं होत नाही, आणि बहुतेक विमानांचा एकाच बाजूचा फोटो उरलाय.

रंगाच्या बाबतीत तर साक्षीदारच फितूर. फोटो काळे-पांढरे. पाठीवरच्या गडद हिरव्याशेजारी करडा होता की मातकट, हे राखाडीच्या दोन छटांवरून ठरवायचं. जपानी विमानांवर लाल गोळा असल्यामुळे ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या या विमानांनी आपल्या ओळखीच्या वर्तुळातला लाल काढून टाकला. भोवती गडद निळा आणि मध्ये पांढरा किंवा फिका निळा आला. घाईत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये, एवढाच हेतू. आता त्या मधल्या टिकलीत निळा किती होता? त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उतरायचा. निळा मात्र उजळायचा. म्हणजे फोटोत पांढरं दिसतं ते पांढरंच होतं, असं छातीठोक सांगता येत नाही. पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक मार्क आठ आहे. मोजमापं त्याच्याकडून खुशाल घ्यावीत, रंग घेऊ नये. संग्रहालयातल्या विमानांचे रंग पुढच्या पिढ्यांनी चढवलेले असतात.

मळाच्या लेअरवर मात्र चित्रकाराचा हात सैल सुटतो, आणि तिथेच त्याची पारख होते. इंजिनाच्या प्रत्येक बाजूला धुराची सहा तोंडं. तिथून मागे काळाकुट्ट फराटा ओढला की चित्र रांगडं दिसतं. पण पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा डाग बहुधा राखाडी, तपकिरीकडे झुकणारा, कधी जवळजवळ पांढरट. शिवाय तो वाऱ्याच्या झोताने जातो, पट्टी लावल्यासारखा सरळ नाही. पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग घासला जायचा. तो घासा दाराच्या बाजूलाच जास्त हवा. एवढं ज्याने पाळलं त्याला मी बाकीचं बरंच माफ करतो.

आणि एक गोष्ट मी आधी बघतो. चांगला चित्रकार खाली बारीक अक्षरात लिहून ठेवतो: आधार डाव्या बाजूचा एक फोटो, पाठीचा दुसरा रंग तर्काने, मधली टिकली फिकी निळी धरली आहे. हा ठाम गृहस्थ एवढ्या एकाच ठिकाणी ‘बहुधा’ म्हणतो. पानावर जागा कमी पडली की संपादक सगळ्यात आधी तीच ओळ कापतात.