संत मार्टिनचे कंदील

जर्मनींत, विशेषतः ऱ्हाइन नदीच्या कांठीं, ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण पाळतात. अंधार पडला कीं लहान मुलें रंगीत कागदाचे कंदील काठीला टांगून गाणीं गात निघतात. पुढें घोड्यावर तांबडा झगा पांघरलेला स्वार, शेवटीं मोठी शेकोटी, आणि मग प्रत्येकास मनुष्याच्या आकाराचा गोड पाव. त्या पावास बहुधा मातीची चिलीमही खोचलेली असते. पोरांच्या हातीं चिलीम जाते हें ऐकून आमच्या वहिनींनीं कपाळास हात लावला!

मार्टिन हा चौथ्या शतकांतील रोमन सैन्यांतला शिपाई. भर थंडींत आमियाँ नगराच्या वेशीपाशीं उघडा भिकारी दिसला. द्यावयास दुसरें कांहीं नव्हतें, म्हणून तरवारीनें स्वतःचा झगा दुभंगून त्यानें अर्धा त्यास दिला, अशी कथा आहे. पुढें तो तूर नगराचा बिशप झाला व ३९७ सालीं वारला. बिशपपद टाळण्यासाठीं तो कलहंसांच्या खुराड्यांत लपला असतां त्यांनीं कलकलाट करून त्याचा ठाव सांगितला, म्हणून त्या सणास भाजलेला कलहंस खातात असें म्हणतात. परंतु सुगी संपून खंड व गड्यांचे पगार चुकविण्याचा हा दिवस, आणि त्यानंतर पूर्वीं नाताळापर्यंत उपवास. तेव्हां जेवणाचें खरें कारण हेंच असावें.

आमचा पुतण्या तिकडेच राहतो. गेल्या कार्तिकांत त्याचें पत्र आलें. मुलीच्या बालमंदिरांत आतां नानाधर्मांचीं मुलें येतात, तेव्हां संताचें नांव गाळून नुसता 'कंदिलांचा सण' म्हणावें, अशी सूचना निघाली होती. "काका, आपल्यासारख्यांसाठींच हें चाललें आहे. काय कळवूं?" असा त्याचा प्रश्न.

घरांत दोन तट पडले. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "चार वर्षांची पोर. परक्या साधूचीं गाणीं तिच्या तोंडीं बसलीं, तर रामरक्षा केव्हां शिकणार?" शंका खोटी नव्हे. पण रामरक्षा शिकविणें हें आईबापांचें काम. शेजाऱ्यानें आपल्या संताचें नांव झांकल्यानें तें कसें साधणार? शिवाय आमच्या नातीचें निमित्त करून कोणाच्या सणांतून त्याचा धनीच उठवावा, हें आम्हांस फार लागलें. तिकडे संतपूजा सोडणाऱ्या पंथाचा प्रवर्तक ल्यूथर १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जन्मला व दुसऱ्या दिवशीं बाप्तिस्मा झाल्यानें मार्टिन हें नांव पावला. तें त्यानें जन्मभर वागविलें!

आमच्या हरिहरेश्वरीं तर गांवाच्या नांवांतच हरि आणि हर शेजारीं नांदतात. वैकुंठ चतुर्दशीस विष्णूस बेल आणि शिवास तुळस वाहावयाची, पण म्हणून कोणी कोणाचें नांव गाळीत नाहीं. लगेच त्रिपुरी पौर्णिमा. २०१९ सालीं ती १२ नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशीं आली होती. साडेसातशे वातींची त्रिपुरवात लावतांना त्रिपुरासुराचें नांव काढावयाचें नाहीं असें ठरविलें, तरी उजेड तितकाच पडेल. पण हा उजेड कशाचा, असें पोरांनीं विचारलें तर काय सांगावें?

आम्हीं पुतण्यास कळविलें कीं, नांव राहूं द्यावें आणि मुलीस कंदील घेऊन खुशाल जाऊं द्यावें; मात्र गुरुजनांची हरकत नसल्यास पौर्णिमेस त्रिपुरासुराची गोष्टही तेथें सर्व मुलांस सांगावी. गोष्ट सांगण्याचें काम सूनबाईंनीं दूरध्वनीवरून स्वतःकडे घेतलें आहे. जर्मन भाषांतर मुलीची आई करणार आहे.