मिळालेला हक्क, राखलेला हक्क

शारजाच्या रोल्ला भागात एके काळी एक विशाल वटवृक्ष होता. १९७८ साली तो गेला. नाव मात्र राहिले. तेथील चौकातून एक मराठी गृहस्थ रोज सायंकाळी फेरफटका करतात. त्यांची कन्या याच शहरी जन्मली. परंतु परदेशी मातापित्यांच्या अपत्यास केवळ जन्माने येथील नागरिकत्व लाभत नाही. मुदत भरत आली की निवासाचा परवाना नव्याने काढावयाचा, हा त्या घराचा परिपाठ. गेल्या वर्षी कन्येने अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली व भारताचे पारपत्र परत केले. पित्याच्या मनास एकच शंका ग्रासू लागली : कागदाने दिलेले उद्या कागदानेच काढून घेतले तर?

तेव्हा त्यांना सखाराम गणेश पंडित आठवले. पंडितांना १९१४ साली कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले. पुढे ते तेथेच वकील झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, हिंदी मनुष्य 'गोरा' नव्हे म्हणून नागरिकत्वास अपात्र, असे ठरविले. थिंद यांचे वकील स्वतः पंडितच होते. सरकारने अनेक हिंदी लोकांचे नागरिकत्व हिरावले. पंडितांवरही दावा लावला. ते लढले. एकदा न्यायालयात निकालात निघालेला प्रश्न सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९२६ साली दिला. १९४६ साली तर कायदाच बदलून हिंदी लोकांना नागरिकत्वाचे द्वार उघडले.

गृहस्थांनी कन्येस एवढेच लिहिले : "बाळ, हक्क मिळाला म्हणून निश्चिंत राहू नकोस. पंडितांना तो मिळाल्यावरही राखावा लागला."