निवृत्तीचं घर : पालघर-बोईसरची टिपणं

• तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून वीज देतं आहे. साठ वर्षं पुरी झाली की तिथल्या माणसाला क्वार्टर सोडावी लागते. गाव सातारचं असो की सावंतवाडीचं, एव्हाना डॉक्टर, कोळीण, भजनी मंडळ, सगळं इथलंच झालेलं असतं. मग फंड-ग्रॅच्युइटी हाताशी धरून बोईसरच्या चित्रालय भागाच्या आसपास घर शोधणं सुरू होतं. पुण्यात परांजपे बिल्डरांनी ‘अथश्री’ बांधून ज्येष्ठांची वसाहत उभी केली. बोईसरमध्ये ती निवृत्त माणसं स्वतःच जमवतात, एकेक फ्लॅट घेत. प्रश्न सगळ्यांचा एकच : नवं घ्यावं की रिसेल?

• एकसष्टाव्या वर्षी बुकिंग केलं, ताबा चार वर्षांनी मिळाला, तर पासष्टी आली. तोवर भाडंही भरायचं. उशीर झाला तर रेरा कायद्याखाली व्याज मागता येतं. गेलेली धडधाकट वर्षं कोण परत देणार?

• बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, 5 टक्के. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर आणि रिसेलवर तो नाही. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हीकडे भरावंच लागतं.

• नव्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. रिसेलमध्ये भिंत ओली झाली की गवंडी आपणच शोधायचा.

• पालघर हा आदिवासींचा जिल्हा आहे. इथे सातबारा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. फेरफार मागवा, एनएचा आदेश बघा. ज्याची जमीन फसवून घेतली गेली, त्याच्यावरच्या अन्यायावर आपलं म्हातारपण उभं राहू नये.

• ‘ग्रामपंचायतीची घरपट्टी लागलीय, काका, अजून काय पाहिजे?’ असं एजंट सांगतो. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र वेगळं मागायचं. रिसेल असेल तर आधीच्या प्रत्येक व्यवहाराचा मूळ करार, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि कन्व्हेयन्सही.

• ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांना महारेराने 2024 मध्ये नियम घालून दिले : दार किमान 900 मिलिमीटर रुंद, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट. हे बंधन साध्या इमारतीला नाही; पण टेप घेऊन जायला कुणी अडवत नाही. कितीतरी जुन्या फ्लॅटांत न्हाणीघराचं दार अडीच फूटही भरत नाही. चाकाची खुर्ची आत जाणार कशी?

• ओळखीचं एक जोडपं रिसेल फ्लॅट बघायला गेलं, तेव्हा मीही बरोबर होतो. काका कागद चाळत बसले. काकूंनी सिंकखालचं कपाट उघडलं, हात लावून ओल पाहिली, खिडकीच्या गजावरचा गंज नखाने खरवडला आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली. ‘ताई, मे महिन्यात टँकर किती येतात हो?’ शेजारणीने पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं खरं सांगितलं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, ‘अहो, घर ठीकच आहे, पण शेजार चांगला आहे.’ नव्या इमारतीत शेजार कसा निघेल, ते ताबा मिळेपर्यंत कळायला मार्ग नसतो.

• रिसेल घेताना इमारतीच्या वयात आपलं वय मिळवून बघा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल कमिटीकडे मागा. पंचाहत्तरीत इमारत पुनर्विकासाला गेली, तर भाड्याच्या घरात बिऱ्हाड हलवावं लागेल.

• केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. दम्याच्या माणसाने एमआयडीसीच्या जवळचं घर दुपारी बघून ठरवू नये. रात्री अकराला गच्चीवर जावं, पहाटे पुन्हा जावं.

• 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते, म्हणून मुलं-नातवंडं येऊ शकतात. दुखणं मोठं असलं तर मात्र अजूनही सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते. तळमजल्यावर रिक्षा दारात येते की नाही आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं की नाही, या दोन गोष्टी बागेपेक्षा नि क्लब हाउसपेक्षा मोठ्या आहेत.

• माझं मत स्पष्ट आहे. साठीनंतर कागदावरचं घर घेऊ नये. तयार घर घ्यावं : भोगवटा प्रमाणपत्र असलेलं, लिफ्ट चालू असलेलं, पाच ते पंधरा वर्षं जुनं. जमलं तर त्याच सोसायटीत आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहावं. आणि सगळा फंड घरात घालू नये. निदान तीन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाणी बँकेत राहील इतक्याच किमतीचं घर बघावं.