कोपऱ्यातल्या काँगोवाल्याचं गाणं

ते गाणं सात मिनिटांहून मोठं आहे आणि मी इतकी वर्षं त्यातला एक तुकडाच ऐकत होतो, हे मला परवा रात्री साडेअकराला कळलं. तेव्हापासून झोप उडालीय. घरात भेटेल त्याला सांगत सुटलोय. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा बायको काही न बोलता कुकर लावायला उठून गेली, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

गाणं म्हणजे ‘जस्ट द टू ऑफ अस’. आवाज बिल विदर्सचा, सॅक्सोफोन ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरचा. हॉटेलच्या लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी रीलच्या मागे, कुठे ना कुठे तुम्ही ते ऐकलेलं असणारच. मीही तसंच ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं. भाचीने हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाली, “मामा, आज मूळ अल्बमवरचं ऐक, अख्खं. आणि मध्ये बोलू नकोस.” बोलायला उरलंच नाही काही! विदर्स गायचा थांबतो आणि त्या गुळगुळीत, रात्रीच्या दिव्यांसारख्या संगीतात अचानक कुणीतरी पितळी पावसाचे थेंब सांडतं. टिणटिणणारे, ओले, हसरे सूर. सिंथेसायझर म्हणावा तर तो इतका जिवंत नसतो. मी हेडफोन काढून विचारलं, “हे काय वाजतंय?” भाची म्हणाली, “स्टीलपॅन.” तेलाच्या पिंपांचे पत्रे ठोकून, खोलगट करून, त्यांतून सूर काढायचं त्रिनिदादचं वाद्य. न्यूयॉर्कच्या शहरी जॅझमध्ये कॅरिबियन बेटावरचं पिंप कुठून आलं?

मग मी श्रेयनामावली उघडली आणि तिथे एक नाव तीनदा भेटलं. गाण्याच्या तीन लेखकांपैकी एक, राल्फ मॅक्डोनाल्ड. अल्बमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, राल्फ मॅक्डोनाल्ड. आणि खाली वादकांच्या यादीत पर्कशन, राल्फ मॅक्डोनाल्ड.

पर्कशन! मी कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवायचो, म्हणून हा शब्द वाचून मी खुर्चीतून उठलोच. साइड ऱ्हिदमवाला म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यातला माणूस. ढोलक आणि ड्रमवाल्यांच्या मागे उभं राहून काँगो-बोंगो, खुळखुळा, डफली, कब्बास, ट्रँगल एकामागून एक उचलायचं आणि गाणं संपलं की टाळ्या गायकाला. माईकसुद्धा बहुतेक वेळा शेजाऱ्याचाच असायचा. आपल्याकडे मारुतीराव कीरांसारख्या माणसाने आर. डी. बर्मनच्या गाण्यांना कसला ठेका दिला ते जाणकारांना ठाऊक आहे, पण किती श्रोत्यांना त्यांचं नाव सांगता येईल? त्या कोपऱ्यातला माणूस गाणंच लिहितो, अल्बमच उभा करतो, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मग रात्रभर शोधत बसलो. मॅक्डोनाल्डचा जन्म 1944 चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. वडील त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक, रंगमंचावरचं नाव ‘मॅकबेथ द ग्रेट’. (हे नाव मी मोठ्याने वाचलं आणि घरातला एक माणूस जागा झाला.) सतराव्या वर्षी मुलगा हॅरी बेलाफाँटेच्या ताफ्यात शिरला, आणि शिरला तो स्टीलपॅन वाजवायला! तिथे दहाएक वर्षं काढली. बेलाफाँटे म्हणजे त्या काळात अमेरिकेच्या घराघरात कॅलिप्सो नेणारा लोकप्रिय गायक. त्याच्यामागे रोज रात्री तीच गाणी, त्याच जागी, तितकीच ताजी वाजवायची. साइड ऱ्हिदमवाल्याची खरी तालीम हीच. आपला हात शिवशिवत असताना गप्प राहायचं.

पण हा गडी नुसता गप्प राहिला नाही. 1967 मध्ये विल्यम सॉल्टर आणि विल्यम ईटन या दोघांबरोबर त्याने अँटिशिया नावाची स्वतःची संगीतप्रकाशन कंपनी काढली. ऐन विशीतल्या ताशेवाल्याने गाण्यांच्या हक्कांचा विचार करावा! 1972 मध्ये रॉबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवेने गायलेलं ‘व्हेअर इज द लव्ह’ गाजलं, ग्रॅमी घेऊन गेलं, ते मॅक्डोनाल्ड आणि सॉल्टरने लिहिलेलं. मला ते फ्लॅकचं गाणं म्हणून माहीत होतं. अर्थातच.

आणि मग ‘मिस्टर मॅजिक’. 1975. कृपा करून हे रात्री ऐका, आणि चांगल्या स्पीकरवर ऐका. ग्रोव्हर वॉशिंग्टनच्या अल्बमचं हे शीर्षकगीत, नऊ मिनिटांचं, चाल पुन्हा मॅक्डोनाल्ड आणि सॉल्टरची. एरिक गेलची गिटार एक छोटासा तुकडा घेते आणि तोच घोळवत राहते, हार्वी मेसनचे ड्रम्स डुलत चालतात, कुठेही घाई नाही. फंक म्हटलं की मला उड्या मारणारं काहीतरी वाटायचं. इथे फंक मांडी घालून बसलंय! फंकमध्ये पहिल्या मात्रेचा दाब फार महत्त्वाचा. आपल्या समेसारखाच, फक्त इथे सम दर आवर्तनाला हाताला धरून खाली बसवते, आणि मधल्या मात्रा गिटार, बास, ड्रम्स आपापसांत वाटून घेतात. मग काँगोवाल्याने वाजवायचं कुठे? सगळ्या फटी तर भरलेल्या. मी असतो तर सगळीकडे हात मारला असता, ऑर्केस्ट्रात मारायचोच, आणि ढोलकवाला मागे वळून डोळे वटारायचा. मॅक्डोनाल्ड दोन आघातांच्या मधे अशा जागी बोट ठेवतो, की ते काढून घेतलं तर काय गेलं ते सांगता येणार नाही, पण गाणं चालायचं थांबेल. मी चौथ्या खेपेला फक्त त्याच्याकडे कान लावून ऐकलं. सॅक्सोफोन पार्श्वसंगीत झाला!

लोक म्हणतील, हा पॉपवाला होता आणि जॅझकडे वळला. मला ते पटत नाही. बेलाफाँटेच्या मागे तो जे करत होता तेच त्याने बरोबर नेलं. कॅलिप्सोचा डोल, वाट बघण्याची सवय, आणि गाणाऱ्याच्या श्वासाला जागा सोडणं. जॅझवाले सोलोसाठी टपलेले असतात, हा टपलेला नव्हता. जॉर्ज बेन्सनचा ‘ब्रीझिन’, बिली जोएलचा ‘द स्ट्रेंजर’, स्टीली डॅनचा ‘गाउचो’, या तिन्हींच्या श्रेयनामावल्यांत त्याचं नाव आहे. तीन वेगळ्या जगांतले अल्बम, कोपऱ्यात तोच माणूस. स्वतःच्या नावावर 1976 मध्ये त्याने ‘साउंड ऑफ अ ड्रम’ काढला. त्यातलं ‘कॅलिप्सो ब्रेकडाउन’ पुढच्या वर्षी ‘सॅटर्डे नाइट फिव्हर’ या सिनेमाच्या संगीतात गेलं. म्हणजे जगभर डिस्कोवर नाचणाऱ्यांच्या पायाखाली मॅकबेथ द ग्रेटच्या बेटाचा ठेका होता, आणि नाचणाऱ्यांना पत्ताच नाही!

परत येतो त्या गाण्याकडे, कारण तेच डोक्यातून जात नाही. 1980 चा अल्बम, नाव ‘वाइनलाइट’. तेव्हा स्मूथ जॅझ हे लेबलसुद्धा रुळलेलं नव्हतं. रेडिओवाल्यांनी ते पुढे चिकटवलं, आणि मग त्या नावाखाली इतकं साखरपाणी विकलं गेलं की जॅझवाले आजही नाक मुरडतात. मीही मुरडायचो. पण इथे स्टीव्ह गॅड ड्रम्सवर, रिचर्ड टी इलेक्ट्रिक पियानोवर, बास हातात घेऊन नुकता विशी ओलांडलेला मार्कस मिलर. यांच्यात साखरपाणी कुठून येणार? मॅक्डोनाल्ड आणि सॉल्टरने गाणं लिहून विदर्सकडे नेलं. शब्दांच्या बाबतीत विदर्स मोठा चोखंदळ. शब्द थोडे माझ्या हाताने नीट करू देणार असाल तर गातो, अशी त्याची अट. ती त्यांनी मान्य केली, म्हणून लेखक तीन. 1981 मध्ये गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढच्या वर्षी आर अँड बी गाण्याची ग्रॅमी मिळाली.

आणि या सगळ्यात निर्मात्याच्या खुर्चीत बसलेला मॅक्डोनाल्ड काय करतो? स्वतः पॅन वाजवणारा हा माणूस पॅनसाठी रॉबर्ट ग्रीनिजला बोलावतो, थेट त्रिनिदादच्या मातीतल्या वादकाला! अल्बम त्याच्या हातात, गाणं त्याचं, वाद्य त्याच्या पोरवयातलं, आणि हा पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. पुढे ते दोघं गायक जिमी बफेच्या ताफ्यातही बरोबर होते. 2011 च्या डिसेंबरमध्ये मॅक्डोनाल्ड गेला, सदुसष्टाव्या वर्षी. मला त्याचं नाव कळलं ते परवा.

काल संध्याकाळी माळ्यावरून जुना खुळखुळा काढला. एका बाजूची शिवण उसवलीय, दाणे सांडतात. भाचीने गाणं लावलं. पहिल्या ओळीला मी सवयीने आत घुसलो आणि तिने ऑर्केस्ट्रातल्या त्या ढोलकवाल्यासारखेच डोळे वटारले. दुसऱ्या वेळी थांबलो. पॅन सुरू होईपर्यंत हात खालीच ठेवला, आणि मग एकदाच, हळूच, हलवला.

“हां,” ती म्हणाली, “आता परत लावते.”