गाळाची जागा

पेण तालुक्यातल्या हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्यात, रंगायच्या मूर्तींच्या रांगेत, फळीवर एक पांढरं वाकडं काहीतरी उभं होतं. सोंड म्हणावी तर जाड, हात म्हणावा तर बोटं नाहीत. विचारलं तर कारागीर म्हणाला, "मोरीच्या पाइपातनं निघालं. पाइप कापला, तर अख्खंच बाहेर आलं." हातात घेऊन पाहिलं. पाइपाच्या जोडाची गोल कड, आतला एक बारीक ओरखडा, सगळं जसंच्या तसं उमटलेलं. पोटात काथ्याचे दोन-तीन धागे. मूर्तीला बळ यावं म्हणून पीओपीत काथ्या घालतात, त्यातलेच ते. इतका अचूक ठसा मी कुठल्या संग्रहालयातही क्वचितच पाहिला असेल. फेकवलं नसणार त्याच्याच्यानं. मलाही फेकवलं नसतं.

पीओपी वाळून घट्ट होतं, असं आपण धरून चालतो. खरं तर त्याला पाणीच घट्ट करतं. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण हिस्सा पाणी उडून जातं आणि पूड उरते. त्या पुडीला पाणी भेटलं की गेलेलं सगळं ती परत मागून घेते. सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात, हाताला ऊब लागते आणि अर्ध्या तासाच्या आत दगड तयार. हे पाण्याखालीही होतं. म्हणून घमेलं धुतल्यावर नळ जोरात सोडून 'जाईल वाहून' म्हणणारा माणूस त्या दगडाला हवं तेच देत असतो. आणि एकदा जमलं की उपाय थोडे. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. किलोभराची गुठळी घालवायला चार-पाचशे लिटर पाणी लागेल. मोरीत ओतायचं अ‍ॅसिड चुन्यावर फसफसतं, याच्यावर फारसं चालत नाही. कॉस्टिक सोडा तेलातुपाचा वैरी, त्याचं इथे काम नाही. शेवटी करवत.

शाडूचं तसं नाही. शाडू जमत नाही, बसते. पाणी जिथे विसावा घेईल तिथे तीही टेकते, आणि बेसिनखालचं वळण हे पाण्याच्या विसाव्याचंच ठिकाण. गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून त्या वळणात ओंजळभर पाणी कायम अडून राहायला हवं. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये शौचकूपासाठी असं वळण असलेल्या नळीचं पेटंट घेतलं. घड्याळ करणाऱ्याला हे सुचावं याचं मला फार अप्रूप वाटतं. तर त्या वळणाला दोष देऊ नये, ते आपलं काम करतं. पाइपातून वाळू-माती पुढे सरकायची तर पाण्याला सेकंदाला निदान दोन फुटांचा वेग लागतो. ब्रश खळबळून ओतलेल्या तांब्याभर पाण्याला तो कुठून यायचा?

हमरापूरच्या त्या कारखान्यात आता मोरीच्या अलीकडे बादल्या आहेत. पहिलीत हात आणि हत्यारं, दुसरीत पुन्हा तेच, तिसरीतलं पाणी बहुतेक स्वच्छ. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून द्यायचं आणि तळाची शाडू पुन्हा मळणीत घ्यायची. घाई असली तर तुरटीचा खडा फिरवतात. आमच्या घरी गढूळ पाण्याच्या दिवसांत आजी घागरीला आतून निवळीची बी घासायची, त्याच जातीचं हे काम. पीओपीची बादली वेगळी, आणि ती मऊ रबराची. आत जमू द्यायचं, मग बादली दाबायची, खडखडत सगळं सुटून येतं. मोरीच्या तोंडाशी एक छोटी टाकीही बांधली आहे. तिच्यात पाणी एका बाजूने शिरतं, मधल्या आडव्या फळीखालून जातं आणि पलीकडे वरच्या अंगाने बाहेर पडतं. गाळ खालीच राहतो. दर शनिवारी तो खरवडून काढतात. एवढंच. मोरी घाणीने तुंबते असं मला आता वाटत नाही. गाळाला पाइपाच्या आधी थांबायला जागा दिलेली नसते म्हणून ती तुंबते.

ही जागा सोनारांनी फार आधीपासून राखली आहे. सोनाराच्या कारखान्यात हात धुतलेलं पाणी सरळ गटारात जात नाही. ते पिंपात किंवा हौदात साठतं. जमिनीचा केर, कानशीचा कीस, फुटलेल्या मुशीचे तुकडे, घासलेला पॉलिशपेपर, हात पुसायचं फडकं, पायपुसणंसुद्धा जपून ठेवतात. फडकी जाळून राख ठेवतात. इतकं करूनही काहीतरी निसटतंच, आणि त्या निसटलेल्यावर झारेकऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची गुजराण.

लहानपणी आमच्या गावच्या सराफकट्ट्यावर दुकानं उघडायच्या आधी एक झारेकरीण यायची. लुगड्याचा काष्टा, हातात आखूड दांड्याचा ब्रश, काखेत पसरट घमेलं. दुकानाच्या पायरीच्या सांध्यातली, उंबऱ्याच्या खालची, उघड्या गटाराच्या कडेची माती ती ब्रशने इतकी हळू ओढायची की तान्ह्या पोराचं अंग पुसतेय असं वाटावं. मग कोपऱ्यावर बसून घमेल्यात पाणी घालायची आणि मनगटाने गोल हेलकावा द्यायची. पाणी कडेवरून सांडताना वरचा केर घेऊन जायचं. पुन्हा पाणी, पुन्हा हेलकावा. राड कमी कमी होत जायची, काळी रेती उरायची, तीही पातळ व्हायची. मी दप्तर खाली टाकून बघत बसे. एकदा विचारलं, "मावशी, काय हुडकता?" मान वर न करता म्हणाली, "सांडल्यालं येचतीया बाळा, लोकांच्या हातचं." शाळेत पुढे घनता शिकलो तेव्हा मला तिचं मनगट आठवलं. माती पाण्याच्या अडीचपट जड, सोनं एकोणीसपट. पाणी फिरलं की माती उठते आणि सोनं तळ सोडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिची सगळी विद्या उभी होती.

पुढचं घरी व्हायचं. उरलेल्या रेतीत पारा घालून चोळायचा, तो सोन्याचे कण पोटात घेतो. फडक्यातून पिळून मोकळा पारा वेगळा करायचा आणि राहिलेला गोळा तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं उरतं. चांदी-तांब्याचा अंश काढायला नायट्रिक अ‍ॅसिड. पाऱ्याची ती वाफ उघड्या चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या छातीत जाते आणि पुढे हात कापू लागतात. मुंबईच्या झवेरी बाजारातही गटारांच्या गाळातून कण वेचून पोट भरणारी माणसं आहेत. बंद गटारात तर विषारी वायू साचलेला असतो. माणसाला धोक्याच्या गटारसफाईला उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, पण सोन्याच्या कणासाठी आपल्या पायांनी उतरणाऱ्याला अडवतो कोण? अण्णा भाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं'मधला भीमा आठवतो. खाण बंद पडून काम गेलेला तो पहिलवान गडी चितेची राख चाळतो. ती कथा लोक भयाची म्हणून सांगतात. मला ती कायम मजुरीची कथा वाटत आली आहे.

माझं म्हणणं आहे की सोनार कणाला जितकं जपतो तितकं शाडूला जपायला हवं. निसटलेली शाडू वेचायला कुणी झारेकरी येणार नाही. तिच्या वाट्याला बांबूच्या कामट्या घेऊन मोरीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूसच येतो.

सोन्याच्या केराच्या या धंद्याचं दुसरं टोक सांगली जिल्ह्यात आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, जाल तिथे सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीपाशी माणदेशी मराठी ऐकू येते. सोनारांचा केर आणि राख विकत घेणारेही त्यांच्यात आहेत. पोतंभर केराला किती द्यायचे, हा सौदा आत काय आहे ते न दिसताच होतो. कुठल्या दुकानात कारागीर नवखे, कुठे पॉलिशचं काम जास्त, हे ध्यानात घेऊन बोली लावायची. पाऊस नाही म्हणून गाव सोडलेल्या घरांनी परक्या भाषेच्या बाजारात ही नजर कमावली. केरळात वाढलेली त्यांची मुलं घरी आईशी माणदेशी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मल्याळममध्ये घासाघीस करतात. भट्टीवरच्या कामाचे शब्द ती कुठल्या भाषेत बोलत असतील? विट्याला गेलो की कुणाला तरी गाठून हे विचारायचं आहे.