रॅण्डची भूमिका

परवा रामघाटावर क्षिप्रेच्या आरतीला बसलो असता भाचा आपल्या संगणकावरील खेळाची कथा सांगू लागला. मूळ खेळात फेरफार करून तो म्हणे महामारी पसरविणारा खलपुरुष झाला आहे, आणि स्वतःस धर्मयोद्धा म्हणवितो! उपदेश ओठांवर आला होता. पण आम्ही गप्प राहिलो. ते सोंग आम्हीही एकदा घेतले होते.

१९९७ साली, चापेकर-प्रसंगाच्या शताब्दीनिमित्त, गणेशोत्सवातील नाटकात आम्ही पुण्याचा प्लेग-अधिकारी रॅण्ड रंगविला. गोऱ्या सोजिरांकरवी घरे धुंडाळणाऱ्या या अधिकाऱ्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. आमच्या दरडावणीने प्रेक्षक चिडले. आम्ही मात्र सुखावलो.

२०२० मध्ये करोनाच्या सर्वेक्षणाचे काम आमच्याकडे आले. १८९७ चाच साथरोग कायदा देशात पुन्हा पुढे आला होता. एका दारी आजी आजारी आजोबांना इस्पितळात पाठवायला तयार होईनात. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो आहोत!" आम्ही गरजलो. आजी मागे सरल्या. तो स्वर आम्ही ओळखला. तो नाटकातलाच होता.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर, अंतर राखून बसलो आणि त्यांचे सारे ऐकून घेतले. आजोबा आपणहून निघाले. बरे होऊन परतलेही.

आरती संपल्यावर भाच्यास एवढेच विचारले, "तुझ्या योद्ध्याला दारातली माणसे दिसतात का रे?"

तो क्षणभर थांबून म्हणाला, "मामा, तशी मी कधी पाहिलीच नाहीत."